परवानाधारक खिडकी

माणसाला डोक्यावर छप्पर लागतं, आणि एकदा छप्पर आलं की ते डोक्यावर पडण्याची शक्यताही आली. छप्पर स्वतःचं असेल तर ही शक्यता त्याच्या खासगी मालमत्तेत मोडते, तिच्यात कोणी नाक खुपसू नये. पण छप्पर भाड्याचं असेल तर तो सार्वजनिक हिताचा प्रश्न होतो, आणि सार्वजनिक हिताचा प्रश्न उभा राहिला की त्याच्या शेजारी एक कार्यालय उभं राहतं. त्याप्रमाणे शहरात 'खासगी भाडेगृह परवाना व सुरक्षितता कार्यालय' उभं राहिलं. (ते स्वतः भाड्याच्या जागेत आहे. त्या जागेला परवाना नाही, कारण तिथे कोणी राहत नाही. कर्मचारी फक्त बसतात.)

कार्यालयाची कामगिरी पाहून भल्याभल्यांनी तोंडात बोटं घालावीत. ते स्थापन होण्याच्या आदल्या वर्षी आग, विजेचा धक्का, कोसळलेला सज्जा आणि कोंडलेला वायू अशा कारणांनी भाड्याच्या घरांत एकतीस माणसं दगावली होती. स्थापनेनंतरच्या सहा वर्षांत परवानाधारक घरांत दगावलेल्यांची संख्या शून्य आहे. ही किमया नियम चौदा (ब) ची. ज्या घरात भाडेकरूचा अपघाती मृत्यू होतो ते घर सुरक्षित नव्हतं हे उघडच आहे. सबब त्या घराचा परवाना मृत्यूच्या आदल्या दिवसापासून रद्द झाला असं समजण्यात येतं. परिणामी जो मरतो तो विनापरवाना घरात मरतो. अशा घरांतल्या मृतांचा आकडा कार्यालय ठेवत नाही, कारण ती घरं त्याच्या कक्षेत येत नाहीत.

या कार्यालयातले सर्वांत सचोटीचे अधिकारी म्हणजे आपले निरीक्षकसाहेब. ते लाच घेत नसत. घरमालकाकडचा चहा घेत, पण बिनसाखरेचा. (मधुमेह होता, पण तत्त्व ते तत्त्व.) सकाळी साडेदहाला ते काखेत फाइल, खिशात मोजपट्टी आणि मनात 'नमुना सात' घेऊन बाहेर पडत. नमुना सातमध्ये सेहेचाळीस रकाने आहेत आणि प्रत्येकात 'आहे' किंवा 'नाही' एवढंच लिहायचं असतं, म्हणजे निरीक्षकाचं वैयक्तिक मत मध्ये लुडबुड करत नाही. जिना: आहे. जिन्याचा कठडा: आहे. हा कठडा जिन्याला लावलेला आहे की गच्चीवर भिंतीला टेकवून ठेवलेला आहे, असली खोचक विचारणा नमुना करत नाही. एका घरात तो गच्चीवर होता. साहेब चार मजले चढून, भिंतीचा आधार घेत, तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आले आणि मगच त्यांनी 'आहे' लिहिलं. दुसरा कोणी असता तर खालूनच लिहून मोकळा झाला असता.

रकाना एकोणीस अग्निशामक सिलिंडरचा. शहरात परवानाधारक घरं दोन हजार चारशे बारा, आणि साहेबांच्या वाट्याला आलेल्या सहाशेपैकी प्रत्येक घरात त्यांना सिलिंडर आढळला होता. लाल रंगाचा, डाव्या खांद्याला पोचा आलेला. परवान्याची कागदपत्रं करून देणारा एक सल्लागार होता. तो हा सिलिंडर स्कूटरवर पायांत धरून साहेबांच्या पुढे एक घर असा चालत असे. सहा वर्षांत साहेबांना त्या सिलिंडरविषयी आपुलकी निर्माण झाली होती. मध्यंतरी पोचा वाढलेला दिसला तेव्हा त्यांनी सल्लागाराला हटकलं, "अहो, जरा सांभाळून नेत जा. लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे."

तर असे साहेब एका मंगळवारी एका भाडेकरूच्या तक्रारीवरून तीन मजली इमारतीच्या मागच्या अंगाला असलेल्या खोल्यांवर आले. इमारतीच्या मालकांना सगळे काका म्हणत. त्यांच्या चौदा खोल्या होत्या, चौदाही परवानाधारक, आणि चौदाही परवाने चौकटीत घालून जिन्यात ओळीने लावलेले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत एक बाई, तिचे वडील आणि तिची सात वर्षांची मुलगी राहत होती. बाई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. वडील हाडाचे गवंडी. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती बांधून, गुडघे गेल्यावर ते लेकीकडे येऊन राहिले होते.

तक्रार अशी होती. न्हाणी चार फूट बाय साडेतीन. तिच्यात गॅसचा गिझर. दार लावून अंघोळ केली की डोकं जड होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. महिन्याभरापूर्वी बाई आतच पडली. वडिलांनी खांद्याने कडी तोडून तिला ओढत बाहेर काढलं. "गिझर जळताना आतली हवा खातो आणि त्याचा विषारी धूर आतच कोंडतो, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं," ती म्हणाली. "साहेब, मला दुसरं काही नको. भिंतीला नऊ इंचांचं भोक पाडून द्यायला सांगा. रोज सकाळी माझी पोर आत जाते आणि मी बाहेर आकडे मोजत उभी राहते. साठ झाले की दार वाजवते."

"न्हाणीला खिडकी आहे," काका मागून म्हणाले. त्यांच्या आवाजात दुखावलेपणा होता, आणि तो रास्त होता. खिडकी होतीच. लाकडी चौकट, दोन झडपा, मधोमध पितळी कडी. रकाना सत्तावीस म्हणतो की प्रत्येक न्हाणीस किमान एक खिडकी असावी. तो निघाला त्या वर्षी काकांनी चौदा खिडक्या सुताराकडून घाऊक बनवून घेतल्या आणि चौदा न्हाण्यांच्या भिंतींवर स्क्रूने बसवल्या. भिंत फोडायची गरज पडली नाही, कारण भिंत फोडा असं रकाना सत्तावीस म्हणत नाही.

"उघडून बघा की साहेब," बाई म्हणाली.

साहेबांनी कडी काढली, झडप ओढली. पलीकडे वीट होती. वीट चांगली भाजलेली होती. साहेबांनी झडप लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली.

"उघडते," ते म्हणाले, आणि रकाना अठ्ठावीसमध्ये ('खिडकी उघडते का?') त्यांनी तसं लिहिलं.

म्हाताऱ्या गवंड्याने हात जोडले. "साहेब, पाच मिनिटं आत उभे राहता का? गिझर लावून, दार ओढून. मग तुम्ही काय लिहाल ते मला मान्य."

नियमात असं काही नव्हतं. पण आपले साहेब प्रामाणिक होते हे वर सांगितलंच आहे. ते आत गेले. दार लागलं. गिझरने धप्प करून पेट घेतला. पहिल्या मिनिटात त्यांनी मोजपट्टीने चौकट मोजली. दुसऱ्या मिनिटात त्यांना मोजपट्टीवरचे आकडे दुहेरी दिसू लागले. तिसऱ्या मिनिटाच्या शेवटी त्यांनी दार ठोठावलं, म्हणजे ठोठावायला हात उचलला आणि तो त्यांच्या वजनासकट दारावर पडला. बाहेर आल्यावर ते पलंगाच्या कडेला बसले. बाईने पाणी दिलं. तिची मुलगी भिंतीशी उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. तिने ओठांतल्या ओठांत आकडे मोजलेले होते. "एकशे बहात्तर," ती आईला म्हणाली, जरा कौतुकाने.

पाणी पिऊन झाल्यावर साहेबांनी फाइल उघडली. रकाना एकतीस, गरम पाण्याची सोय: आहे. रकाना बत्तीस, गिझर चालू स्थितीत आहे का: आहे. याबाबत तर त्यांच्याइतकी खात्री आजवर कोणत्याही निरीक्षकाला झाली नसेल. राहता राहिला 'शेरा'. नमुन्याच्या तळाशी शेऱ्यासाठी बोटभर रुंदीची जागा असते. साहेबांचं पेन त्या जागेवर थांबलं.

"लिहा ना," बाई म्हणाली.

"ताई," साहेब आवाज खाली करून म्हणाले, "मी इथे 'न्हाणी धोकादायक' असं लिहिलं, तर हे घर धोकादायक ठरतं. धोकादायक घराचा परवाना थांबतो. परवाना थांबला की त्या घरात भाडेकरू ठेवणं गुन्हा. सात दिवसांत तुम्हाला बाहेर काढावं लागेल. नियम तुमच्या सुरक्षिततेसाठीच आहे."

"मग काकांना काय होईल?"

"त्यांची खोली रिकामी होईल. ते ती दुसऱ्याला देतील."

"धोकादायक असताना?"

"छे. रिकाम्या खोलीत धोका कोणाला? भाडेकरू गेला की धोका संपला, धोका संपला की परवाना पुन्हा सुरू."

असं आहे हे! एका बाजूने बघावं तर ती पोर रोज सकाळी अर्धमेली होणार, दुसऱ्या बाजूने बघावं तर तिघंही रस्त्यावर येणार, आणि दोन्ही बाजूंनी बघावं तर काकांच्या चौदा खोल्या जागच्या जागी. साहेबांना बाईची मनापासून दया आली. दया येऊन त्यांनी शेऱ्यात 'निरंक' लिहिलं.

बाई मात्र चिवट निघाली. तिने रीतसर अर्ज केला, आणि पुढचे चार महिने कार्यालयाने त्या अर्जाची जी बडदास्त ठेवली ती तिच्या वाट्याला जन्मात कुठे आली नसेल. कार्यालयाने काकांचं म्हणणं मागवलं. काकांनी कळवलं की मंजूर आराखड्यानुसार त्या भिंतीवर खिडकी आहे, खिडकीच्या जागी भोक पाडल्यास खिडक्यांची संख्या एकवरून शून्यावर येईल आणि न्हाणी नियमबाह्य होईल. कार्यालयाला हे पटलं. मग भोक दुसऱ्या भिंतीला पाडावं का? दुसऱ्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर होतं आणि शेजाऱ्यांचंही स्वतःचं असं एक मत होतं. गिझर काढून टाकावा, तर रकाना एकतीस आडवा येत होता. अखेर कार्यालयाने निर्णय दिला की 'खिडकी अस्तित्वात असताना भोकाची आवश्यकता सिद्ध होत नाही', आणि सहानुभूतीच्या दृष्टिकोनातून एक मार्गदर्शक पत्रक जोडलं. त्यात भाडेकरूंना सुचवलं होतं की अंघोळ आटोपशीर करावी, दार किलकिलं ठेवावं, आणि चक्कर येत असल्याची जाणीव झाल्यास चक्कर येण्यापूर्वी बाहेर यावं. (दार किलकिलं ठेवल्याने फरशी ओली होते म्हणून काकांनी त्याच आठवड्यात समज दिली.)

पत्रक आलं त्या रविवारी गवंड्याने ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि पलंगाखालून छिन्नी-हातोडा ओढला. "अर्ध्या तासाचं काम," तो म्हणाला. "चार महिने झाले."

त्याने खिडकीच्या झडपा उघडल्या. चौकटीला धक्का न लावता मागच्या विटा एकेक करून सोडवल्या. नऊ इंच म्हणून सुरुवात केली होती, पण हात चालू झाला की जुना माणूस थांबतो थोडाच. पूर्ण चौकटीएवढी भिंत मोकळी झाली. कडा त्याने सिमेंटने साफ करून घेतल्या, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरच्या बाजूला उतार दिला. काम बावीस मिनिटांत झालं. बाकीची आठ त्याने नुसती बघण्यात घालवली. दुसऱ्या दिवशी मुलगी आत गेली. बाई सवयीने आकडे मोजत उभी राहिली. साठ झाले, शंभर झाले, दोनशे झाले. आतून गाणं म्हणण्याचा आवाज येत होता. बाई दाराबाहेर जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडली.

त्यानंतरचे अकरा आठवडे ती न्हाणी शहरातली एकमेव सुरक्षित भाड्याची न्हाणी होती, असं म्हणायला हरकत नाही. अशा गोष्टी लपून राहत नाहीत. वार्षिक तपासणीला साहेब आले तेव्हा सोबत काका होते. न्हाणीच्या दारात पाऊल टाकताच साहेबांच्या हातातली फाइल फडफडली. नमुना सात भरताना कागद उडण्याची ही त्यांच्या कारकिर्दीतली पहिलीच वेळ. त्यांनी गिझर लावला, दार ओढून घेतलं आणि घड्याळ बघत आत उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मोजपट्टीवरचे आकडे एकेरीच राहिले. काकांनी बाहेरून दोन हाका मारल्या तरी त्यांना बाहेर यावंसं वाटेना.

पण कर्तव्य कोणाला चुकलंय? पंचनामा झाला. पंच म्हणून त्याच इमारतीतले दोन प्रतिष्ठित गृहस्थ सापडले. त्यांच्याही न्हाण्यांत तशाच खिडक्या होत्या आणि त्यांनाही घाई होती. पंचनाम्याचा मजकूर कार्यालयात नमुनेदार समजला जातो: 'समक्ष पाहणी केली असता मंजूर खिडकी जागेवर दिसून आली. मात्र सदर खिडकी उघडली असता तिच्या पलीकडे आकाश आढळून आले. आकाशाबाबत भाडेकरूस विचारणा केली असता तो समाधानकारक खुलासा करू शकला नाही.' प्रत्यक्षात गवंड्याने खुलासा केला होता. तो म्हणाला होता, "साहेब, पोर मेली असती." पण हे विधान कोणत्याही रकान्यात बसत नव्हतं.

आदेश आला. भाडेकरूने इमारतीच्या बाह्य भिंतीस विनापरवाना बाधा आणून स्वतःची व इतरांची सुरक्षितता धोक्यात आणली. सबब सात दिवसांत जागा सोडावी, आणि तत्पूर्वी भिंत स्वखर्चाने, निरीक्षकासमक्ष, पूर्ववत करून द्यावी.

सहाव्या दिवशी साहेब समक्ष उभे राहिले. खोलीत बोचकी बांधून तयार होती. बाई चष्म्याच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली होती आणि साहेबांकडे बघतही नव्हती. नवी जागा कुठे मिळाली, मिळाली की नाही, हे साहेबांनी विचारलं नाही. न्हाणीत म्हातारा पाटावर बसून विटा चढवत होता. त्याने वाकडंतिकडं लिंपून सूड उगवला असता तर साहेबांना बरं वाटलं असतं. पण त्याला वाईट भिंत बांधता येत नव्हती. प्रत्येक वीट भिजवून, ओळंबा लावून, सांधे भरून तो ती भिंत अशी बांधत होता, की त्या अख्ख्या इमारतीत दुसरी तशी भिंत नव्हती. हवेचा कणही त्यातून आत येणार नव्हता.

शेवटची वीट हातात घेऊन तो थांबला. "साहेब, मी ही आता लावतोय. इथे पुढे जो कोणी येईल त्याला तेवढं सांगा."

"सांगतो," साहेब म्हणाले.

वीट बसली. साहेबांना लाज वाटली. ती खरी लाज होती. आणि ती साधारणपणे दुसऱ्या मजल्यापर्यंत टिकली.

खोली नंतर फार दिवस रिकामी राहिली नाही. जाहिरात वाचून तुम्ही आलात. त्या दिवशी साहेब नूतनीकरण झालेला परवाना द्यायला नेमके तिथेच आले होते; काळा चष्मा डोक्यावर चढवलेला, बायको आणि मुलीला घेऊन आलेला माणूस त्यांना चांगला आठवतो. तुम्ही पार्किंगचं विचारलंत. पाणी किती वेळ येतं ते विचारलंत. मोबाइलला रेंज येते का, ते खोलीच्या चारही कोपऱ्यांत उभं राहून पाहिलंत. साहेब दारात घुटमळत होते. काहीतरी सांगायचं म्हणून त्यांनी तोंडही उघडलं. तेवढ्यात तुम्ही त्यांच्याकडे वळून विचारलंत, "साहेब, घर परवानाधारक आहे ना? नाही, आम्ही त्या बाबतीत फार काटेकोर आहोत."

"आहे," साहेब म्हणाले. ते खोटं बोलत नाहीत.

न्हाणी तुम्ही दारातूनच पाहिलीत. खिडकी दिसली, नवा रंग दिसला. "हवेशीर आहे," तुम्ही बायकोला म्हणालात, आणि भाडेकराराच्या सातही पानांवर, एकही पान न वाचता, झोकात सह्या ठोकल्यात. सामान परवा येतंय. गिझर चालू स्थितीत आहे. सकाळी आधी अंघोळीला कोण जाणार, तुम्ही की मुलगी, हे तुमचं तुम्ही ठरवा. त्यासाठी नमुन्यात रकाना नाही.